पसाभर जवळ्याला विकलेलं पोर

कल्पिता नाखवा अंगणवाडीत गेली तेव्हा तिच्या पिशवीत सात कागद होते आणि कडेवर पाच महिन्यांचं पोर. सात कशाला, असं तिला विचारू नका. सरकारी दारात माणूस जो कागद घरी विसरतो नेमका तोच मागतात, हे ती लग्नाआधीपासून ओळखून होती. आधार कार्ड, रेशन कार्डाची झेरॉक्स, दवाखान्यातून घरी सोडताना दिलेला कागद, लशीचं कार्ड, जे हाताला लागलं ते सगळं तिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर रबर चढवलं होतं.

काम तसं साधं होतं. अंगावर पाजणाऱ्या बाईला आणि लहान पोराला अंगणवाडीतून आहाराची पाकिटं मिळतात, त्यासाठी दोघांचं नाव घालायचं. गरोदर होती तेव्हा तिचं नाव होतंच, पाकिटंही मिळत होती. मग बाळंतपण झालं आणि ती थळला माहेरी गेली, ती चांगली साडेतीन महिने राहिली. तिथल्या नर्सबाईने पोराला काट्यात घातलं आणि काटा बघून तोंड वाकडं केलं. साडेचार किलो. पाच महिन्यांच्या पोराचं हे वजन नव्हे. "तुझ्याच पोटात काही नाही तर त्याच्या पोटात कुठून येणार?" नर्सबाई म्हणाली. "सासरी जा, आधी अंगणवाडीत नाव घाल. तिथे दर महिन्याला वजन करतात. कमी वजनाच्या पोरांची यादी वर जाते, मग डॉक्टर बघतो, खास आहार सुरू होतो. त्या यादीत हा असलाच पाहिजे. हयगय करू नकोस."

कल्पिता हयगय करणाऱ्यातली नव्हतीच. तिची आधीची दोन गेली होती. मुलगी नऊ दिवसांची होऊन गेली, मुलगा पाच आठवड्यांचा होऊन. त्यामुळे साडेचार किलो हा आकडा ऐकल्यावर ती माहेरी थांबली नाही. नवरा विनेश बोटीवर, आठ-आठ दिवस समुद्रात. त्याच्या फोनला रेंज लागेपर्यंत वाट बघत बसायला तिला वेळ नव्हता.

अंगणवाडीतली जुनी सेविका मध्यंतरी निवृत्त झाली होती आणि जागा भरली नव्हती, म्हणून खाडीपलीकडच्या शेतकरी गावातली मृणाली आठवड्यातून दोन दिवस इथला जादा कारभार बघायची. पोरगी मन लावून काम करणारी, पण कोळीवाड्यात नवी. तिने कल्पिताचे सात कागद बाजूला ठेवले आणि फोन तिच्या तोंडासमोर धरला.

"ताई, हल्ली तोंड बघूनच नाव उघडतं. डोळे मिटा, उघडा. झालं."

कल्पिताने डोळे मिटले, उघडले. फोनने तिला ओळखलं. मृणालीने पडद्यावर बोट फिरवलं आणि बोट मध्येच थांबलं. तिने पडद्याकडे बघितलं, कल्पिताच्या कडेवरच्या पोराकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे बघितलं.

"हे बाळ कोणाचं आणलंत तुम्ही?" तिने हळूच विचारलं.

"कोनाचं म्हंजे? माझं."

"ताई, तुमचं बाळ तर..." मृणालीला पुढचं बोलवेना. तिने फोनच कल्पितापुढे सरकवला.

कल्पिता बारावीपर्यंत शिकलेली. तिला वाचायला वेळ लागला नाही. वर तिचं नाव होतं, नवऱ्याचं नाव होतं, बाळंतपणाची तारीख बरोबर होती. त्याखाली लिहिलं होतं, बाळ: मृत. आणि त्याखाली, लाभ बंद.

तिने पहिली गोष्ट कुठली केली असेल तर पोराच्या छातीवर हात ठेवला. छाती खालीवर होत होती. पोर तिच्या मंगळसूत्राची वाटी तोंडात घालायच्या खटपटीत होतं. तरी तिने हात काढला नाही. दोनदा तिने हा शब्द कागदावर वाचला होता, दोन्ही वेळा खरा होता, आणि आता तिसऱ्यांदा तोच शब्द समोर होता. अंगणवाडीच्या भिंतीवर रंगवलेला हत्ती आणि ससा तिला दिसत होते, पण ती नेमकी कुठे बसलीय हे क्षणभर कळत नव्हतं.

"हे लिवलं कोनी?"

"मीच." मृणालीचा चेहरा उतरला होता. "मी तुमच्या घरी आले होते. सातव्या दिवशी. तुम्ही आत ताप येऊन झोपला होता. तुमच्या सासूबाई दारात आल्या. मी विचारलं, बाळ कसं आहे? त्या म्हणाल्या, आमचं राहिलं नाही. मग एवढ्या रडल्या ताई, की मला पुढे विचारवेना. शेजारी एक बाई मांडीवर बाळ घेऊन बसली होती. त्या म्हणाल्या, हे वेणूबायचं. मी मान हलवून निघून आले. त्या दिवशी मला तीन गावं करायची होती. दवाखान्यात विचारायला हवं होतं, नाही विचारलं. चूक माझी आहे. पण कोणाची आजी असं खोटं रडेल, हे माझ्या मनात तरी कसं यावं?"

ते रडणं कल्पितालाही आठवत होतं. तापात तिने ते आतून ऐकलं होतं. सासू आधीच्या दोघांच्या आठवणीने रडतेय असं वाटून तीही उशीत तोंड खुपसून रडली होती.

"आता पुसा ते," ती म्हणाली.

"माझ्याकडून पुसलं जात नाही. गेलं म्हणून एकदा लिहिलं की माझ्या फोनातून ते नाव पुन्हा उघडत नाही. गुरुवारी पर्यवेक्षिका बाई येणार आहेत. ज्याने माहिती दिली त्याने त्यांच्यासमोर येऊन सांगायचं की ती चुकीची होती, बाळ जिवंत आहे आणि आमचं आहे. त्याचा जबाब लिहायचा, मग त्या वरून दुरुस्त करतील. त्याच दिवशी कमी वजनाची यादी जाते. सासूबाईंना घेऊन या ताई. पुढची यादी एकदम महिन्याने."

महिना म्हणजे किती, हे साडेचार किलोच्या पोराच्या आईला सांगावं लागत नाही.

घरी जाताना कल्पिताच्या डोक्यात एकेक गोष्ट जुळत गेली. जिच्या घरी पोरं जगत नाहीत तिचं पोर दुसरीला विकायचं, ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. शेतकऱ्यांत मूठभर कोंड्याला विकतात, त्यांच्या कोळीवाड्यात पसाभर सुक्या जवळ्याला. पोर सुपात घालून मागच्या दाराने बाहेर द्यायचं. जिची सगळी लेकरं धडधाकट आहेत अशा बाईने जवळा मोजून द्यायचा आणि पोर पदरात घेऊन पुढच्या दाराने आत यायचं. शेजारच्या वेणूबाईची चारही पोरं जगलेली, एवढी दणकट की त्यांच्यामुळे गल्लीला दुपारी डोळा लागत नाही. तेव्हा मान तिचा. त्या दिवसापासून पोर वेणूबाईचं, कल्पिता नुसती पाजणारी. दात आले की पोर परत विकत घ्यायचं. हे सगळं कल्पिताच्या डोळ्यांदेखत झालं होतं आणि तिला ते बरंही वाटलं होतं. दोन पोरं गेलेल्या आईला कोणी खुंटीला नमस्कार कर म्हटलं तर ती करते. पण विकणं वेगळं आणि मेलं म्हणून सांगणं वेगळं. ते तिला कोणी सांगितलं नव्हतं.

येसूबाई मागच्या अंगणात बोंबील वाळत घालत होती. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून बांबूवर टाकायचे, पुन्हा दोन घ्यायचे. चाळीस वर्षं हेच केल्यामुळे हात आपोआप चालत. कल्पिताने जे घडलं ते सगळं एका दमात सांगितलं. तिला वाटलं होतं सासू वरमेल, कपाळाला हात लावेल. निदान हात तरी थांबवेल.

हात थांबले. पण वरमणं कुठलं! म्हातारीचा चेहरा खुलला होता.

"लिवलं?" ती म्हणाली. "खरंच लिवलं तिनं? सरकारच्या फोनात? मेला म्हनून?"

"आई, तुमाला आनंद कसला होतोय?"

"आनंद न्हाय होनार?" येसूबाईने हात पदराला पुसले आणि ती सुनेच्या जवळ आली. आवाज एकदम खाली आणला. "तू आत तापानं फनफनलेली. दारात एक बाई उभी. वलकीची न्हाय, पालकीची न्हाय. हातात वही. विचारते काय, तुमच्याकडे कोन जन्मला? कवा जन्मला? नाव काय? मना सांग, आसा वही घेऊन नाव विचारत कोन फिरतो? मागच्या दोन टायमाला पन आली होती तुमची ती जुनी बाई. मी नाव सांगलं, तारीख सांगली, कारडं करून घेतली. पिवली कारडं, ट्रंकेत हायेत दोनी. कारडं रायली, पोरं गेली. ह्या टायमाला मी म्हटलं, नाव न्हाय सांगनार. गेला म्हटलं. रडून सांगलं, म्हंजे तिला पटावं. आनि बघ, त्याला पाच महिने झाले."

कल्पिता उभी होती ती अंगणातल्या पाट्यावर बसली. तिला राग आला होता, भयंकर आला होता, पण त्या रागाला हात घालायला जागा सापडेना. म्हातारी वेडी असती तर बरं झालं असतं. तिने तर अगदी शहाण्या माणसासारखा हिशोब मांडला होता. नाव सांगितलेली दोन गेली, न सांगितलेलं एक जगलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कल्पिताच्या मनातही पटकन येऊन गेलं, की असू दे तसंच. नको पुसायला. ती स्वतःलाच घाबरली.

"आई, तो जगला खरा, पन वाढत न्हाय," ती म्हणाली. "साडेचार किलो. नर्सबाईनं सांगलंय. त्याला खायाला पायजे, मना खायाला पायजे, डागतरनं बघायला पायजे. ते सगलं त्या नावावर हाय. तुमी गुरुवारी येऊन सांगा, पोर जिवंत हाय, आमचा हाय."

"माझ्या तोंडून न्हाय यायचं," येसूबाई म्हणाली आणि पुन्हा बोंबलांकडे वळली. "दात आल्यावर सांगन."

"तवर ऱ्हायला न्हाय तर?"

येसूबाईच्या हातातला बोंबील खाली मातीत पडला. तिने तो उचलला नाही. ती घरात निघून गेली आणि संध्याकाळपर्यंत सुनेसमोर आली नाही.

दोन दिवस घरात तोच वाद पुन्हा पुन्हा निघत राहिला. शेवटी भिंतीपलीकडून सगळं ऐकून कंटाळलेली वेणूबाई बुधवारी सकाळी कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली. वेणूबाई म्हणजे बाजारात पापलेटाच्या भावावरून पोलिसाला गप्प बसवलेली बाई.

"येसूबाय, मना एकच सांग. पोर कोनाचा?"

येसूबाईने मान वर केली. "तुझा. पसाभर जवला दिलास तू."

"दिला ना? मंग माझ्या पोराला उपाशी ठेवायला तू कोन? उद्या मी त्याला घेऊन जाते. वजन करते, नाव घालते. तुला यायचं तर ये, न्हाय तर बोंबील वालवत बस."

रीत येसूबाईनेच लावली होती आणि रीतीप्रमाणे वेणूबाईचं चूक नव्हतं. पण कल्पिताला माहीत होतं की वेणूबाईच्या जोरावर अंगणवाडीपर्यंत जाता येईल, पुढचं दार तिच्याने उघडणार नाही. जबाब येसूबाईचाच लागणार होता.

गुरुवारी त्या दोघी पोर घेऊन निघाल्या. वळणावर कल्पिताने मागे बघितलं तर वीस पावलांवरून येसूबाई येत होती. सणाला नेसायचं हिरवं लुगडं नेसलेली, केसांत अबोली माळलेली. कशासाठी नटलीय, हे विचारायचं धैर्य कल्पिताला झालं नाही.

पर्यवेक्षिका बाई टेबलावर रजिस्टरं पसरून बसल्या होत्या. चष्मा, करडे केस, आवाज जरा चढा पण माणूस वाईट नसावा. मृणालीने त्यांना सगळं आधीच सांगितलं होतं. त्यांनी दवाखान्याचा कागद तपासला, पोराच्या गालाला बोट लावलं आणि येसूबाईला समोरच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. येसूबाई खुर्चीवर बसली नाही, उभीच राहिली.

"आजी, सातव्या दिवशी ह्या मुलीला तुम्ही काय सांगितलं?"

"गेला म्हनून सांगलं."

"आणि खरं काय?"

येसूबाई भिंतीवरच्या हत्तीकडे बघत राहिली. कल्पिताला वाटलं, संपलं. आता ही बोलत नाही, यादी जाते आणि महिनाभर आपण ह्या पोराकडे बघत बसायचं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाय, एक विचारू?" येसूबाई एकदम म्हणाली. "तुमी तिथलं पुसनार. मंग ती जागा मोकली ऱ्हानार का?"

"कुठली जागा?"

"गेल्याची. तिथं एक मानूस गेल्याचं लिवलंय ना. ते काढलं तर जागा मोकली झाली. आनि मोकली जागा कवा ना कवा कोन तरी मागतोच. आमच्या घरातनं दोनदा मागलंय." तिने पदर नीट केला. "मोकली ठेवू नका. माझं नाव लिवा. येसूबाई बालाजी नाखवा. वय सदुसष्ट. तुमी तिथं माझं लिवत असाल तर मी आत्ता सांगते, पोर जिवंत हाय. आमचा हाय. माझ्या विनेशचा."

वेणूबाई, जिचं तोंड झोपेतही बंद नसतं असं तिचा नवरा म्हणायचा, तोंडावर पदर धरून उभी होती. कल्पिताला मघापासून न सुटलेलं कोडं सुटलं, हिरवं लुगडं आणि अबोली कशासाठी ते. आपली सासू इथे जबाब द्यायला आलेली नाही. ती जायची तयारी करून आलीय. कल्पिताला ओरडावंसं वाटलं, आई, असं नसतं हो, तो नुसता फोन आहे. पण जबाब अजून कागदावर उतरायचा होता.

पर्यवेक्षिका बाईंनी चष्मा काढून पुसला. नोकरीत त्यांनी पुष्कळ ऐकलं असेल, हे ऐकलेलं नसावं. मग त्यांनी एक कोरा कागद पुढे ओढला आणि सावकाश लिहायला घेतलं. मृणालीने शाईचं पॅड आणलं. कोणी बाजारात सौदा पक्का करावा तसा येसूबाईने अंगठा उठवला.

कागद सुकायला टेबलावर ठेवला होता. येसूबाईने सुनेला जवळ बोलावलं.

"तुला वाचता येतं. माझं नाव कुठं लिवलंय, दाव."

कल्पिताने कागद वाचला. वरील चुकीची माहिती देणाऱ्या, येसूबाई बाळाजी नाखवा, वय ६७, बाळाची आजी. बाळ जिवंत असून आईजवळ आहे. बस, एवढंच. तिने नावावर बोट ठेवलं.

"हे बघा. इथं."

"आनि गेली म्हनून?" येसूबाईने विचारलं. "ते लिवलं ना?"

कल्पिताने मान वर केली. पर्यवेक्षिका बाई खिडकीबाहेर बघत होत्या, मृणाली जमिनीकडे. कोणी मदतीला येणार नव्हतं. नाही म्हटलं तर म्हातारी अंगठा पुसायला लावेल, हे तिला स्पष्ट दिसत होतं. आणि लग्नापासून जिला आई म्हटलं तिच्या तोंडावर आपण हे कसं बोलायचं, हेही तिला कळत नव्हतं. वेणूबाईच्या हातातलं पोर भुकेने रडायला लागलं होतं.

"हो आई," ती म्हणाली. "लिवलं."

तिने नावावरचं बोट उचललं नाही.

येसूबाईने समाधानाने मान हलवली. वेणूबाईकडे जाऊन तिने पोर मागितलं, पाच महिन्यांत पहिल्यांदा चार लोकांदेखत छातीशी धरलं आणि वळून मृणालीकडे आली.

"घे वही," ती म्हणाली. "आता सांगते नाव."